कवतिकाबाई मोजत नाही

मंजू, इकडे ये बाई. अशी लांबून नाही, जरा सरकून जवळ बस, अन् हातातला तो फोन पालथा घाल. फोनवर माझं बोलणं तू अर्धंच ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्यात नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस, म्हणून हे लिहायला घेतलं. कागदाला मध्येच दुसरा कॉल येत नाही.

परवा तू मला फोन करून रडलीस. पुण्यात बसून रडायचं आणि वलगावच्या शेजारणीला ऐकवायचं, ही कुठली रीत? म्हणे आजीला गोड बातमी सांगितली, तर आजीनं कितवा महिना एवढंसुद्धा विचारलं नाही. मेथी खातेस का म्हणाली, आणि फोन तुझ्या आईच्या हातात देऊन उठून गेली. तेवढ्यावरून तू दिवाळीला आली नाहीस. आणि आता पहिलं बाळंतपणही माहेरी नको, पुण्यातच करीन म्हणतेस. "जिला विचारावंसं वाटलं नाही, तिच्या घरी कशाला येऊ?" हे तुझे शब्द. तू घरातली सगळ्यात शिकलेली, पण आपल्या आजीची नीट ओळख तुला कोणी करून दिलेली दिसत नाही. ती मी करून देते. भिंतीला भिंत लावून आमचा जन्म गेला आहे.

तर पहिली गोष्ट ही की कवतिकाबाई मोजत नाही.

मोजता येत नाही म्हणून मोजत नाही असं नव्हे. अमरावतीच्या बाजारात तिला सांबाराच्या, म्हणजे तुमच्या पुण्याच्या कोथिंबिरीच्या, जुड्या मोजताना तू लहानपणी पाहिलं असशीलच. हात असा चालायचा की गिऱ्हाइकाची नजर मागे राहायची. पहिली जुडी "लाभ", मग दोन, मग तीन. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. त्यात तिचं काही विशेष नाही. पण एकदा एक साहेब नवीनच बदली होऊन आलेले. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही एक म्हटलंच नाही, सुरुवातीपासून मोजा. तिनं पुन्हा लाभपासून सुरू केलं. साहेबांनी पुन्हा थांबवलं. तेव्हा तिनं त्यांच्या पिशवीत हात घालून पहिली जुडी बाहेर काढली आणि शांतपणे म्हणाली, "लाभ तुमच्यात मोजत नसान, तर तो माह्याजवळ राहू द्या. तुमी दोनपासून न्या." साहेब बरेच दिवस तिच्याचकडे भाजी घ्यायचे. पुढे पुढे तर स्वतःच पिशवी उघडून लाभ म्हणायचे.

तर बाजारात ती मोजायची. घरात मात्र नाही. तिचा सगळा धर्म एका वाक्यात होता, आणि ते वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मीही मोजलेलं नाही. "जे इकाचं ते मोजाचं. जे ठेवाचं ते कायले मोजाचं?"

आता ह्या वाक्याखाली एक अख्खं घर चाललं, त्याची गंमत बघ. तुमच्याकडे बकऱ्या किती, असं कोणी विचारलं की तिचं उत्तर, "गोठा भरून." भाकरी किती करायच्या असं सुनेनं विचारलं, तर "पुरतील इतक्या." तुझी आई नवी नवी होती तेव्हा ह्या हिशोबानं रोज एक तर रात्री रडायची, नाही तर सकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा खायची. ताटावर बसलेल्या माणसाला किती खाल्ल्या म्हणून विचारायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. "पोट भरलं का" हा प्रश्न चालायचा. आंब्याला कैऱ्या लागल्या की बोट दाखवायचं नाही. आणि तिचं स्वतःचं वय कोणी विचारलं की म्हणायची, "तुमाले पटते ते लिवा." निरनिराळ्या कागदांवर तिची इतकी वयं आहेत की त्यातलं सगळ्यात लहान वय धरलं तर ती माझ्या मागून जन्मलेली निघते.

मग घरातली माणसं सगळी आली की नाहीत, हे कळायचं कसं? त्यासाठी गाणं होतं. तू ते शंभरदा ऐकलं असशील, पण ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं.

लाभाची लवंग, पानाचा विडा,
सांबाराची काडी, वांग्यात किडा,
कोन घरी, कोन वावरी, कोन नदीपार,
ज्याच्या डोई हात, त्याचं हेच दार.

प्रत्येक ठोक्याला एकाच्या डोक्यावर हात. आपण पोरीबाळी खेळताना जी गाणी म्हणायचो, त्यात ज्याच्यावर शेवट पडला तो सुटला, रिंगणाबाहेर गेला. हिच्या गाण्यात उलटं होतं. ज्याच्यावर शेवट पडला तो राहिला, तो घरचा. हे गाणं तिला सासूनं दिलं होतं, आणि सासूचं म्हणणं असं की आकड्यात मोजलं की यमाला ऐकू जातं, गाण्यात म्हटलं की त्याला कळत नाही. यम एवढा जुना कारकून, साऱ्या जगाचा हिशोब त्याच्याकडे, पण मध्ये वांगं आणि किडा आला की बिचाऱ्याचा घोटाळा होतो. मी एकदा असं म्हणून हसले, तर कवतिकाबाई म्हणाली, "हास वं कमल. तुह्या घरी नाई म्हनत ना गाणं, म्हनूनच तुह्याकडं पाहुने ढीगभर येतात, घरचं कोनी टिकत नाई." माझी दोन्ही मुलं तेव्हा नुकतीच नोकरीला सुरतेला गेली होती.  ती टोमणाही असा मारते की वरून मीठ चोळावं लागत नाही.

डोळ्यांचं ऐक आता. तुझ्या आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा तिला अकोल्याला मीच घेऊन गेले. माझं माहेर अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचं, उतरायला भावाचं घर होतं. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं हात वर धरला आणि विचारलं, आजी, किती बोटं दिसतात?

झालं. त्याला काय ठाऊक कोणाला काय विचारलं ते.

"तुमचीच बोटं हायेत ना बापा," ही म्हणाली. "तुमाले ठाऊक नाई का?"

डॉक्टर हसला. त्यानं दुसऱ्या हाताची बोटं धरली. ही म्हणाली, मघापेक्षा कमी हायेत. त्यानं पुन्हा बदलली. ही म्हणाली, आता बरी हायेत. डॉक्टरनं मान हलवून काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की आजींना फारच कमी दिसतं, तुम्ही मनाची तयारी ठेवा. मी घाबरून तिच्याकडे गेले. म्हटलं, बाई, सांग ना आकडा, काय बिघडतं? तिनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "भरल्या हाताची बोटं मोजू नाई. अन् तोच हात उद्या माह्या डोयात घालनार हाये, समजलं का?"

जवळचं तिला अजून थोडं दिसायचं. एवढं बोलून वर डॉक्टरला ऐकू जाईल असं म्हणाली की मघाशी साहेबाचं लहान बोट मिटलेलं होतं, बाकीची उभी होती, आणि बाजूच्या बोटातल्या अंगठीचा खडा सैल झाला आहे, पडून जाईल. डॉक्टरनं अंगठी चाचपून पाहिली. खडा हलत होता. त्यानं आधी लिहिलेलं सगळं खोडलं. ऑपरेशन झाल्यावर पट्टी सोडली तेव्हा त्यानं शहाणपणा केला, बोटं दाखवली नाहीत. आजी, माझी अंगठी कशी दिसते, एवढंच विचारलं.

हसतेस ना? हास. पण आता तुझी गोष्ट सांगते, ती तुला अर्धीच माहीत आहे.

तू नुकती शाळेत जायला लागली होतीस. तुमचं सगळं घर बहिरमच्या जत्रेला गेलं होतं, मीही बरोबर होते. परत येताना परतवाड्याच्या स्टँडवर जीप धरली. दिवस मावळलेला, गर्दी ही अशी, जीपमध्ये कोणाचा पाय कुठे ते कळत नव्हतं. तुझे आजोबा, आबा, पुढे ड्रायव्हरजवळ बसलेले. त्यांनी मागे ओरडून सांगितलं की पोरं मोजून घे. मोजणार कोण? तिनं अंधारात गाणं सुरू केलं. हात एकेका डोक्यावर पडत गेला, आणि शेवट पडला विलासच्या, तुझ्या चुलतभावाच्या डोक्यावर. सकाळी निघतानाही त्याच्यावरच पडला होता. म्हणजे बरोबर. ती म्हणाली, भरले सारे, चाल.

वलगावला उतरलो. दिव्याखाली पाहतो तर आमच्यात एक माकडटोपीवाला पोट्टा, हातात पिपाणी, झोपेतून उठलेला. आबांनी त्याला विचारलं, तू कोण रे? तर त्यानं उलट आबांनाच विचारलं, तुमी कोन?

आणि तू नव्हतीस.

ती जीप त्याच पावली मागे वळवली.  तुझी आई पदर तोंडात धरून बसली होती, तो पोट्टा पिपाणी वाजवत होता आणि त्याला गप्प कर म्हणण्याचं कोणाला सुचत नव्हतं. स्टँडवर पोचलो तर तू एका परक्या कुटुंबाच्या बोचक्यावर पाय हलवत बसली होतीस, भजी खात. पोट्ट्याची आई आमच्यावर धावून आली. पण तिचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. ती बाई म्हणत होती, मी तर चांगली बोटं मोडून मोजले होते, बरोबर भरले होते!

घरी आल्यावर आबांनी फर्मान काढलं. पुरे झालं ते गाणं. उद्यापासून आकड्यात मोजायचं, मोठ्यानं. कवतिकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "त्या पोट्ट्याच्या मायनं मोजले ना? मंग? मोजून बी तितकेच भरले असते ना?"

आबांनी कंदील उचलला आणि गोठ्याकडे गेले. 

पण त्या दिवसापासून एक फरक पडला. गाणं तेच राहिलं, हात मात्र प्रत्येक डोक्यावर जरा थांबायला लागला. हनुवटीला बोट लावून तोंड वर करायची, नीट पाहायची, मग पुढच्या डोक्याकडे जायची. तुम्हा पोरांना वाटायचं आजी आशीर्वाद देते. आजी खात्री करून घेत होती. आणि तुझ्यावर तो हात सगळ्यात जास्त वेळ थांबायचा, त्याचा तुला कंटाळा यायचा. "आजी, सोड ना, भूक लागली," म्हणायचीस.

आता ह्या गाण्याचा दुसरा उपयोग सांगते. तो तुझ्या घरात कोणालाच कळला नाही, आणि मलाही फार उशिरा कळला. घरातला कुठलाही तंटा गाण्यावर सुटायचा. बैलांना पाणी कोणी दाखवायचं, पाहुण्यांसोबत कोणी जायचं, दुपारी घरी कोणी झोपायचं, सगळं. ज्याच्यावर शेवट पडला तो घरी, बाकीचे कामाला. आणि त्यावर अपील नव्हतं. आबा एरवी कोणाचं ऐकणारे नव्हते, पण गाण्यापुढे तेही हात जोडायचे, कारण ते त्यांच्या आईचं गाणं.

तुमची बारावी झाली ते वर्ष आठव. तुला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळत होती. विलासलाही कुठे ना कुठे मिळाली असती. आबा म्हणाले, दोघांना बाहेर ठेवणं झेपायचं नाही. एकानं शिकावं, एकानं वावर पाहावं. ते एवढंच बोलले, पण त्यातलं शिकावं कोणासाठी होतं आणि पाहावं कोणासाठी, ते ओट्यावरच्या कुत्र्यालाही कळलं होतं. तू आत जाऊन भांडी आपटत होतीस. कवतिकाबाई हात पुसत बाहेर आली. म्हणाली, गाणं म्हनू.

सगळ्यांना ओट्यावर गोल बसवलं. मी आपल्या अंगणात झेंडूचे हार ओवत होते, मलाही हाक मारली, कमल, तू बी ये, बस. मी म्हटलं मी कशाला, मी काय तुमच्या घरची आहे? तर म्हणाली, "भिंतीपलीकडची हायेस, नदीपारची तर नाई ना?" मी बसले. एरवी ती सगळ्यात लहान पोरापासून सुरुवात करायची. त्या दिवशी आबांपासून केली. म्हणे, मोठा प्रश्न हाये, मोठ्यापासून. हात फिरत गेला, आणि "त्याचं हेच दार" पडलं विलासच्या डोक्यावर.

विलासनं सुस्कारा सोडला. पोराचं सगळं मन ट्रॅक्टरमध्ये, पुस्तक उघडलं की त्याचं डोकं दुखायचं, हे त्याच्या बापाला कळत नव्हतं, आजीला कळत होतं.  आबा उठून म्हणाले, आईची मर्जी. तू पुण्याला गेलीस. गेलीस आणि तिथं मैत्रिणींना सांगत सुटलीस की माझ्या आजीच्या अंधश्रद्धेमुळे माझं नशीब उघडलं.

नशीब! मी त्या रात्री पडल्या पडल्या मनातल्या मनात ते रिंगण पुन्हा बसवलं आणि गाणं म्हणून पाहिलं. मी नसते, तर शेवट तुझ्यावर पडत होता. लहान पोरापासून सुरुवात केली असती, तर आबांवर पडत होता. त्या गाण्यात माझं काम एका ठोक्याचं होतं, तेवढ्यासाठी मला हारावरून उठवलं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, बाई, तू मोजलंस. ती वांगी तोडत होती. वर न बघता म्हणाली, "मी कायले मोजू? देवानं मोजलं."

आता तू म्हणशील, मावशी, एवढी हुशार आहे आजी, म्हणजे तिचा ह्या सगळ्यावर विश्वास नाही, सोंग आहे सारं. इथंच तू चुकतेस. मीही बरीच वर्षं चुकले.

तुझ्या मोठ्या काकाच्या आधी तिला एक मूल होतं. हे तुझ्या बापालाही नीट ठाऊक नसेल. ती लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती. दिवस गेले तर हरखून गेली. बायका विचारायच्या कितवा गं, आणि ही दारात उभी राहून बोटं मोडून दाखवायची. पाणी भरायला गेली तरी बोटं मोडायची. सासू दटावायची की अशी चारचौघांत मोजत नको जाऊ. हिला वाटायचं, सासूला आपलं सुख बघवत नाही. दिवस भरत आले आणि मूल गेलं. पोटातच. मला हे तिनं एकदाच सांगितलं, शेवंती तोडता तोडता, माझ्याकडे पाठ करून. "बोटावर मोजत बसली होती वं कमल. मंग बोटंच राह्यली."

मी तिला म्हटलं, त्या काळी दवाखाना कुठे होता, पावसात रस्ता नव्हता, बैलगाडीत नेलं असेल, मोजण्याचा त्यात काय दोष? ती म्हणाली, असंल. तुह्यं खरं असंल. मग पुढच्या झाडाकडे सरकत म्हणाली, "पन मोजणं तरी कोनाच्या कामी आलं?"

त्यानंतर तिनं आपल्या एकाही बाळंतपणात महिना मोजला नाही. सुनांचा विचारला नाही. तुझ्या वेळी तुझी आईही अशीच रुसली होती, तिला विचार. सासूबाईंना माझं काहीच नाही म्हणून माहेरी जाऊन रडली होती. रडण्यातसुद्धा तू आईवर गेलीस, नवीन काही केलं नाहीस.

आणि आता मेथीचं. पोळ्याला तू आली होतीस. जेवताना तुझ्या ताटात मेथीची भाजी होती, तू लहानपणापासून वाटीनं खाणारी. त्या दिवशी तू ती बोटानं बाजूला सारलीस आणि भाकरी नुसत्या वरणाशी खाल्लीस. तुझ्या आईनं पाहिलं नाही, मी पाहिलं नाही, तुझं तुलाही तेव्हा काही ठाऊक नव्हतं. तिनं पाहिलं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली आणि उगाचच म्हणाली, यंदा मेथी कडू निघाली वाटते. मी म्हटलं, नाही गं, चांगली आहे. ती म्हणाली, असंल, अन् हसली. मला वाटलं म्हातारी झाली.

म्हणजे तू जी बातमी फोनवर सांगितलीस, ती तिच्याकडे पोळ्यापासून पडून होती. तेव्हापासून ती वाट पाहत होती की तू सांगशील. आणि सांगितलंस तेव्हा तिनं जे विचारायचं तेच विचारलं. मेथी खाती का आता? म्हणजे मळमळ थांबली का, अन्न जातं का, तिसरा सरला का. ह्याच्यापलीकडे डॉक्टर तरी काय विचारतो? फोन आईकडे दिला तो ह्यासाठी की आणखी क्षणभर धरला असता, तर तोंडातून आकडा निघाला असता.

महिना विचारला नाही म्हणतेस. विलास हल्ली गाडी भाड्यानं चालवतो ना, दिवाळी झाल्यावर तिनं त्याला बोलावून सांगितलं, "गहू निघाला की कोनाचं भाडं घेऊ नको. गाडी दारात पाह्यजे." विलास म्हणाला, काहून? तेव्हाच तर भाड्याचे दिवस. ती म्हणाली, "काहून म्हंजे? गाडीले आराम नाई लागत?" पोट्ट्याला काही कळलं नाही, तो अजून गाडीचं इंजिन तपासतो आहे. मी मात्र घरी येऊन पोळ्यापासून धरून पाहिलं. गहू निघतो तेव्हाच तुझे दिवस भरतात. बाई मोजत नाही, पण तिचं वावर मोजतं.

आणि दुपारची ती एक वाकळ शिवत बसते. स्वतःची जुनी लुगडी, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली, ती फाडून. मी विचारलं कोणासाठी? म्हणाली, थंडी पडून राहिली. वाकळ केवढी, तर माझ्या परातीत मावेल एवढी. मी म्हटलं, यंदाची थंडी फारच लहान दिसते गं. तिनं सुई माझ्याकडे रोखली आणि म्हणाली, तुह्यं तोंड मोठं हाये.

आता कालचं सांगते आणि थांबते. काल संध्याकाळी मी विरजण मागायला तुमच्याकडे गेले. पानं घेतली होती. आबा गेल्यापासून ती स्वतः वाढते, कमरेत वाकली आहे पण ताटावरचा हक्क सोडत नाही. जेवायच्या आधी गाणं झालंच पाहिजे. हल्ली हातात वाढायची पळी असते, म्हणून डोक्यावर हात ठेवण्याऐवजी ती प्रत्येकाच्या पाटावर पळी टेकवत जाते. कोठीजवळचा पाट तुझा. तू गेल्यापासून तिथं कोणी बसत नाही, पण पाट रोज मांडला जातो, आणि सुरुवात ती अशी कुठून तरी करते की शेवटचा ठोका त्याच पाटावर पडतो. इतकी वर्षं एकच ठोका.

काल ती म्हणत आली, कोन घरी, कोन वावरी, कोन नदीपार. तुझ्या पाटाशी आली. "हेच" म्हणून पळी टेकवली. आणि "दार" म्हणून पुन्हा तिथंच टेकवली, अगदी हलकेच, कडेला, जसं शेजारी कोणी झोपलेलं आहे.

मी दारातून म्हटलं, दोनदा काहून वं?

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पळी भांड्यात घातली आणि म्हणाली, "हात चुकला."

तिचा हात कसा चुकतो, ते अमरावतीच्या बाजारात जाऊन विचार.

तेव्हा मंजू, डॉक्टरला विचार, प्रवास चालेल म्हणाला की गाडीत बस आणि ये. विलासला पाठवते घ्यायला, इंजिन त्यानं तपासलेलंच आहे. मात्र आल्यावर दारात उभी राहून कितवा ते सांगत बसू नकोस, आणि बोटं तर मुळीच मोडू नकोस. सरळ आत जा, आपल्या पाटावर बस आणि मेथीची भाजी माग. तिला सगळं समजेल. मेथी आता वाफ्यात टवटवीत आहे, थंडीत गोड लागते, आणि तुझी आजी ती तोडू देत नाही कोणाला. ये बाई लवकर, आम्हालाही खायची आहे.